सातव्या रांगेतला एक

"एक विचारू का, मार्थाबाई? राग नका मानू," कार्मेलबाई म्हणाल्या आणि हातातला सुकेळ्याचा, वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा त्यांनी बशीत परत ठेवला. "सुभेदार कम्युनियन घेत नाहीत, हे खरं का?"

आईच्या हातातली किटली कपावर तशीच थांबली. मी पडद्याआड उभी होते. त्याच सकाळी चर्चमध्ये माझं आणि विल्फ्रेडचं नाव पहिल्यांदा पुकारलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात. कुणाला काही हरकत असेल तर त्यानं सांगावी म्हणून. हरकत आली ती माझ्या होणाऱ्या सासूकडूनच, तीही चहा पिता पिता.

"घेत नाहीत," आई म्हणाली.

"रोज सकाळी सहाच्या मिस्साला असतात म्हणे."

"असतात. शेवटच्या बाकावर."

"पापनिवेदनही करतात?"

"दर शनिवारी."

"मग?" कार्मेलबाईंनी आवाज खाली आणला. "शनिवारी पापनिवेदन करणारा माणूस रविवारी कम्युनियनला उठत नाही, म्हणजे फादरनीच नको म्हटलं असणार. आणि फादर नको कधी म्हणतात ते मी सांगायला नको. विस्तवाशिवाय धूर निघत नाही हो. पलटणीतली माणसं, बारा गावचं पाणी प्यायलेली. आमच्या घराण्याला हे झेपणार नाही."

"मी चोवीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करतेय," आई म्हणाली. "मला त्यात दुसरं कुणी दिसलं नाही." आणि तिनं चहा ओतला. कप भरून बशीही सगळी भरली, तेव्हा थांबली.

कार्मेलबाईंना मी दोष देत नाही. वसईच्या कुठल्याही ख्रिस्ती बाईनं तोच हिशेब केला असता. दारुडा असो, भांडखोर असो, शेजाऱ्याचा बांध कोरणारा असो, पापनिवेदन केलं की तो फादरच्या हातून देवाचा घास घ्यायला जीभ पुढे काढून रांगेत उभा राहतो. राहत नाही तो एकच, ज्याचं घर दोन ठिकाणी आहे.

माझे पप्पा, सुभेदार पास्कोल तुस्कानो, खडकीच्या सॅपर पलटणीतून निवृत्त झालेले. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग पेरणं आणि काढणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. घरी आल्यावर त्यांनी चर्च दत्तक घेतलं. पाण्याचा पंप, घंटेची कप्पी, मोडकी बाकं, सगळं त्यांच्याकडे. नाताळचा गोठा ते लोखंडी अँगल ठोकून उभा करायचे. फादर एलायस म्हणायचे, "सुभेदार, यात बाळ येशू झोपणार आहे, रणगाडा नाही." पप्पा म्हणायचे, "फादर, दोन्ही आले तरी हरकत नाही."

त्यांची एक खोड मला लहानपणापासून सोसावी लागली. वाडीतून चर्चला जाताना गवतातली पायवाट आली की ते मला मागे ओढायचे आणि स्वतः पुढे व्हायचे. "माझ्या पावलावर पाऊल टाक, इमू. इकडे-तिकडे नाही." सहा वर्षांची असताना मजा वाटायची. सोळाव्या वर्षी पोरी हसायच्या. पण पप्पा सोडायचे नाहीत.

आणि दर जानेवारीत एक पत्र यायचं. निळं अंतर्देशीय, पंजाबहून, हिंदीत, मोत्यासारख्या अक्षरात. आमचे पोस्टमन वझे फाटकातूनच ओरडायचे, "सुभेदार, तुमचं पंजाब आलं." पप्पा ते उभ्यानंच वाचायचे, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि सरळ चर्चमध्ये जायचे. पुढचं पत्र येईपर्यंत ते त्याच खिशात असायचं. आई सदरा धुताना ते बाजूला काढायची आणि न वाचता परत ठेवायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. माणसानं इतकं भोळं असू नये, असं वाटायचं.

कार्मेलबाई गेल्या. पप्पा विहिरीजवळ बसून घंटेच्या कप्पीला ग्रीस लावत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"पप्पा, एकदाच. माझ्या लग्नाच्या दिवशी. माझ्यासाठी."

काय ते त्यांनी विचारलं नाही. हात पुसले. "नाही जमणार, इमू."

"का?"

"माझं एक काम अपुरं आहे. मोजणी जुळलेली नाही. ती जुळेपर्यंत मी वर वेदीपाशी जाणार नाही, असं ठरवलंय."

"कुणी ठरवलंय? फादरनी?"

"नाही. फादर तर म्हणतात, ये. मीच."

मला ते खोटं वाटलं. "हे काम पंजाबात आहे का?" मी विचारलं.

त्यांनी चटकन वर पाहिलं. मला वाटलं, चोर सापडला.

"हो," ते म्हणाले. "पंजाबात."

"कोण आहे तिथे?"

त्यांनी कप्पी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "बायकामुलं आहेत, इमू."

बस. एवढंच. आणखी एक वाक्य ते बोलले असते, किंवा मी आणखी एक प्रश्न विचारला असता, तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आम्ही दोघंही तुस्कानो. तोंड उघडण्यापेक्षा दात मोडलेले बरे, अशी आमची जात.

"मग माझा हात धरून वेदीपर्यंत तुम्ही यायचं नाही," मी म्हणाले. "जोकिम मामा येईल."

मला वाटलं ते चिडतील. निदान तसेच बसून राहतील. ते उठून उभे राहिले, एखाद्या साहेबानं हुकूम दिल्यासारखे.

"ठीक आहे," ते म्हणाले.

आईला मी एवढंच सांगितलं की कार्मेलबाईंच्या समाधानासाठी मामा पुढे होईल. कार्मेलबाईंना तेवढं पुरलं, आणि दुसऱ्या रविवारी नावं बिनहरकत पुकारली गेली.

त्यानंतरच्या बुधवारी पत्र आलं. पप्पा मांडवाचे बांबू आणायला गेले होते. वझ्यांनी ते माझ्या हातात दिलं. "सुभेदारांना सांग, यंदा पंजाबला उशीर झाला."

निळं अंतर्देशीय, तेच अक्षर. मी ते उलटंसुलटं केलं. फोडावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. वाचलं नाही तोवर सगळं संशयच होतं. आत कुणा बाईची, कुणा मुलाची खुशाली निघाली असती, तर मी त्या घरातून नवरी होऊन कशी निघणार होते? आणि मनात दुसराही एक किडा होता, तोही सांगते. एक वर्ष तरी यांना त्या लोकांची खुशाली कळू नये. मला यांनी लग्नाच्या तोंडावर मान खाली घालायला लावली, आता यांनीही थोडं सोसावं.

मी ते पत्र माझ्या लग्नाच्या ट्रंकेत तळाशी ठेवलं, कागदाखाली.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "वझे आला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पोस्टात जाऊन आले. मला धडकी भरली. पण काउंटरवर नवा बाबू होता आणि वझे टपाल वाटायला बाहेर. "काही नाही म्हणाले," असं त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं. वझ्यांची त्याच आठवड्यात नालासोपाऱ्याला बदली झाली. देव कधीकधी पाप करणाऱ्याला फारच सवलत देतो.

लग्नाच्या दिवशी आमच्या घरापुढच्या पाटावर त्यांनी फळ्यांचा पूल टाकला होता. वऱ्हाड निघायच्या आधी ते स्वतः त्यावरून तीन वेळा चालून आले. दोनदा सावकाश, एकदा पाय आपटत. बायका हसल्या. मग बाजूला झाले, आणि मामाचा हात धरून मी त्यावरून गेले.

चर्चमध्ये मधल्या वाटेनं चालताना माझ्या पुढे कुणाचंच पाऊल नव्हतं. ते मला जाणवलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कम्युनियनच्या वेळी मी वळून पाहिलं. पप्पा शेवटच्या बाकाचं टोक धरून उभे होते, इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. फोटोत ते धूसर आलेत.

पुढची वर्षं माझी सासरी गेली. तीन मैलांवरचं सासर, म्हणजे म्हटलं तर रोज जावं इतकं जवळ आणि मनात असेल तर महिना महिना न जावं इतकं लांब. मी यातलं दुसरं केलं. पंजाबचं पत्र पुन्हा आलं नाही. पप्पा दर वर्षी लिहीत होते, उत्तर येत नव्हतं. आई एकदा म्हणाली, "ते म्हणतात, मास्तर लिहीत नाहीत, म्हणजे तिकडे काहीतरी वाईट झालंय. मला सांगायला नको म्हणून लिहीत नाहीत. रात्रंदिवस तोच घोर."

कसला मास्तर, मी मनात म्हटलं. त्या पंजाबच्या बाईचा भाऊ असेल.

आई गेली. दोन वर्षांनी पप्पांच्या हृदयानं दगा दिला. मी आठ दिवस माहेरी राहिले. माणूस वाळून फळी झाला होता. फादर एलायस दुपारी आले, त्यांनी कपाळाला तेल लावलं आणि चांदीच्या डबीतून कम्युनियन काढलं.

"पास्कोल," ते म्हणाले. फादर त्यांना कधी नावानं हाक मारत नसत. "आता तरी घे. पुरे झालं."

पप्पांनी ओठ मिटून मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं, पण मान हलवलीच. फादरनी डबी बंद केली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

फादर निघून गेल्यावर पप्पांनी मला जवळ बोलावलं. "इमू, पंजाबचं पत्र आलं होतं का गं कधी? माझ्या मागं?"

मला ट्रंक आठवली. अगदी स्पष्ट आठवली, कागदाखालचा तो निळा कोपरासुद्धा. नऊ वर्षं झाली होती. कुठल्या तोंडानं आता ते आणून देणार होते मी? आणि कुणाची तरी खुशाली ऐकून मरायची इच्छा, तीही माझ्या आईच्या घरात, तिच्या पलंगावर?

"नाही पप्पा," मी म्हणाले.

पहाटेच्या घंटेला ते गेले.

पप्पांच्या महिन्याच्या मिस्साला एक अनोळखी म्हातारा आला. धोतर, टोपी, छातीवर सैन्यातली दोन पदकं. चर्चमध्ये कुठं उभं राहावं ते त्याला कळेना, म्हणून तो दाराशीच हात जोडून राहिला. मी त्याला घरी, म्हणजे माझ्या सासरी, जेवायला घेऊन आले. कार्मेलबाईंनी स्वतः त्याला आमचे फुगे, म्हणजे तळलेले छोटे गोल पाव, वाढले.

"मी हवालदार दगडू चोरगे," तो म्हणाला. "वाईजवळचा. साहेबांच्या हाताखाली अकरा वर्सं काढली. पेपरात नाव उशिरा वाचलं, न्हाईतर मातीला आलो असतो."

"पप्पांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही," मी म्हणाले.

"कशापायी घेतील? माझं नाव घेतलं की पंजाबातलं फाजिल्का आलं. आन् तुम्ही आलात."

"मी?"

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "साहेबांनी कधी सांगितलं न्हाई? मग मीच सांगतो, आता काय ऱ्हायलंय. एकाहत्तरच्या लढाईत आम्ही सरहद्दीवरच्या एका गावाच्या रानात सुरुंग पेरले. लढाई संपली, गावकरी परत यायला निघाले, तर आम्ही काढायला घेतले. सुरुंगाचं कसं असतंय ताई, जितके पेरले तितके निघाले पायजेत. कागदावर रांगवार आकडा असतोय. सगळ्या रांगा जुळल्या. सातव्या रांगेत त्रेचाळीस पेरले होते, बेचाळीस निघाले."

मी माझं ताट बाजूला सारलं.

"चार दिवस साहेब गुडघ्यावर बसून सळईनं माती टोचत फिरले. गुडघ्याची साल निघाली. पाचव्या दिशी तार आली. मुलगी झाली, बाईंची तब्येत नाजूक, लगेच या. वरचा साहेब म्हणाला, तुस्कानो, एखादं रानडुक्कर पाय देऊन गेलं असंल थंडीत, सही कर आन् जा, त्याबिगर रजा न्हाई. साहेबांनी सही केली."

"मग?"

"मग रिवाज असतोय. ज्यानं रान साफ केलं त्यानं आधी त्यावरनं चालायचं, गावासमोर. आम्ही सगळे हातात हात घालून चाललो. सातव्या रांगेवरनं साहेब एकटे गेले, आम्हाला येऊ दिलं न्हाई. तिथल्या शाळेच्या मास्तरांना म्हणाले, सांगा लोकांना, बेफिकीर चला. टेशनावर सोडायला गेलो तर मला म्हणतात, चोरगे, देव मला माफ करंल, त्याचं मोठं मन आहे. पण मी त्या रानात त्यांच्या बायकामुलांना चला म्हणून सांगून आलोय. तो एक सापडेपर्यंत मी देवाचा घास तोंडात घेणार न्हाई. बायकामुलं आहेत, चोरगे."

कार्मेलबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातली फुग्यांची परात खाली पडली.

"मास्तरांना ते दरसाली लिहायचे, सापडला का म्हणून," चोरगे म्हणाला. "मास्तर लिहायचे, न्हाई, पण सगळे खुशाल आहेत."

मी उठले. ट्रंक माळ्यावर होती, ती मी एकटीनं खाली ओढली. वर माझ्या लेकीचे बाळपणीचे कपडे, त्याखाली माझा लग्नाचा झगा, त्याखाली कागद, त्याखाली पत्र. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा माझ्या काखेत होता आणि तहानेनं दुसराच माणूस मेला होता.

पत्र मी चोरग्यांच्या हातात दिलं. मला ते फोडवेना. त्यांनी चष्मा लावला, कडेनं नीट फाडलं आणि सैन्यात आदेश वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. मास्तर गुरदित्त सिंग यांनी लिहिलं होतं की, कालव्याची चारी खणताना जुन्या बांधाखाली, सातव्या रांगेपासून बरंच लांब, एक सुरुंग निघाला. पुराच्या पाण्यानं वाहत गेला असावा. फौजेनं येऊन तो काढला. "किसी को खरोंच तक नहीं आई." मी या महिन्यात निवृत्त होऊन मुलाकडे दूर जातो आहे, माझ्यामागे इथं तुम्हाला उत्तर लिहिणारं कुणी नाही, आणि आता तुम्ही लिहायची गरजही उरली नाही. शेवटी होतं, "सूबेदार साहब, अब आप बेफिक्र चलिए."

चोरग्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग पत्र उजेडात धरून त्यांनी शिक्का वाचला. माझ्या लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख. फाडलेली कड त्यांच्या बोटातच होती. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कारण त्यांना तसंच असावं असं फार वाटत होतं.

"साहेबांना हे कळलं होतं न्हवं, ताई? दुसऱ्या कुणी कळवलं असंल?"

त्र्याहत्तर वर्षांचा म्हातारा, दोन एस.टी. आणि एक रेल्वे बदलून आलेला.

"हो," मी म्हणाले. "कळलं होतं."

"मग सुटले साहेब," ते म्हणाले आणि हात जोडून रडले.

तीनदा विचारलं आणि तीनदा मी खोटं बोलले. पेत्र तिसऱ्यांदा खोटं बोलला तेव्हा निदान कोंबडा आरवला होता. माझ्या वेळी दुपारचे दोन वाजले होते, आणि कार्मेलबाई खाली बसून सांडलेले फुगे एकेक करून परातीत भरत होत्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्या मला एकदाही उलट शब्द बोलल्या नाहीत.

मी फादर एलायसकडे पापनिवेदनाला जाऊन सगळं सांगितलं. जाळीपलीकडून त्यांनी क्षमेची प्रार्थना म्हटली. "क्षमा मिळाली, इमेल्डा," ते म्हणाले. "रविवारी वर ये."

त्याला वीस वर्षं होत आली, मी अजून शेवटच्या बाकावरच बसते. फादर एलायस गेले, नवे फादर आले. परवा लेक म्हणाली, "मम्मी, पुढच्या महिन्यात माझं लग्न. त्या दिवशी तरी पुढच्या बाकावर बस, आणि कम्युनियन घे. लोक काय काय बोलतात."

मी तिला जवळ बसवलं. तुस्कानोंच्या घरात कुणी तरी तोंड उघडायला हवं होतं. ट्रंकेतून पत्र काढून मी तिच्या हातात दिलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.